तिसरा पाद : गर्भाशय काढल्यानंतर घरी एकटी असलेली रुग्णा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण मिळून सोळा गुण होतात. पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनी ते मुखोद्गत केलेले असतात. पुढे व्यवसायात मात्र आपले सारे लक्ष पहिल्या दोन पादांवर एकवटते. उपस्थाता, म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणारी व्यक्ती, घरात असणारच असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक आता अनेक घरांत खरे ठरत नाही. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या स्त्रीच्या बाबतीत ते विशेष जाणवते. म्हणून प्रस्तुत लेखात या तिसऱ्या पादाचा विचार करावयाचा आहे.

बाळंतिणीला सव्वा महिना, हिला किती?

आपल्या समाजात बाळंतिणीसाठी एक संपूर्ण व्यवस्था आहे. सव्वा महिना तिने ओझे उचलायचे नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या खेपेला माहेर पुढे होते. गर्भाशय काढलेल्या स्त्रीच्या शरीरावरील आघात कमी नसतो. पण तिच्यासाठी अशी कोणतीही रूढी नाही. मांडीवर बाळ नाही, म्हणून भेटीस येणाऱ्यांची रीघ नाही. माहेरची आई बहुधा वृद्ध झालेली असते किंवा हयात नसते. ‘पिशवीचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, आता बरी आहे’ एवढ्यावर विषय संपतो.

दोंडाईचा परिसरात या एकटेपणाला आणखी एक कारण आहे. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या भुसावळ–सुरत लोहमार्गाने येथील कितीतरी घरांतील पुरुष उदरनिर्वाहासाठी सुरतेकडे गेले. उधना, लिंबायत या भागांत खानदेशी वस्ती मोठी आहे. शिकलेली मुले नाशिक-पुण्यास स्थिरावतात, मुली सासरी असतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्व येतात, रुग्णालयातून घरी आणून सोडतात आणि चार-आठ दिवसांत कामावर परततात. त्यानंतरचे पाच आठवडे त्या स्त्रीचे एकटीचे असतात.

याच प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिले. २०१९ मध्ये तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ऊसतोडीत पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाची उचल घेतलेली असते आणि एक दिवसाच्या खाड्याचाही भुर्दंड पडतो. अशा स्त्रीस सहा आठवड्यांची विश्रांती कोण देणार? अनावश्यक शस्त्रक्रियांविषयी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश राज्यांना दिले. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे आलेल्या रुग्णेच्या वतीने विचारणे, विशेषतः ती चाळिशीच्या आत असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास सुचविणे, हे आपले कर्तव्यच आहे. मात्र शस्त्रक्रिया योग्य कारणासाठी झाली असली तरी तिच्या नंतरच्या परिचर्येचा प्रश्न उरतोच.

सुश्रुतांचे व्रणितोपासन

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणिसावा अध्याय व्रणितोपासनीय या नावाचा आहे. व्रणी रुग्णाचे घर कसे असावे, शय्या कशी असावी, त्याने काय खावे, काय टाळावे याचे त्यात तपशीलवार विवेचन आहे. त्यातील एक गोष्ट आजच्या विषयाशी थेट निगडित आहे. मधुर बोलणारे सुहृद व्रणी रुग्णाजवळ असावेत, त्यांच्या गोष्टींनी व्रणाची वेदना हलकी होते, असे आचार्यांनी सांगितले आहे. सोबत ही त्यांच्या दृष्टीने उपचाराचा भाग होती.

आहाराच्या बाबतीत नवे धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, वाल, अतिअम्ल, अतिलवण व तिखट पदार्थ आचार्यांनी वर्ज्य सांगितले आहेत. खानदेशी स्वयंपाकघराशी हे ताडून पाहावे. कळण्याच्या भाकरीत उडीद आहे, ठेचा आणि शेवभाजीत तिखट आहे. शेजारणीने प्रेमाने पाठविलेल्या डब्यात नेमके हेच पदार्थ असतात. म्हणून पथ्य रुग्णेबरोबर डबा देणाऱ्या घरासही समजावून सांगावे. जुन्या तांदळाची पेज, मुगाचे कढण, मऊ खिचडी, दुधी, पडवळ, तांदुळजा, डाळिंब, आवळा आणि पचेल इतके तूप, एवढे पहिल्या पंधरा दिवसांस पुरेसे आहे. आचार्यांनी व्रणी रुग्णास दूधही वर्ज्य सांगितले आहे. तथापि अतिरक्तस्रावामुळे शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया बहुधा पांडुग्रस्त असतात आणि व्रण भरण्यास प्रथिने लागतात. तेव्हा अग्निबल पाहून दूध, मूग व आहारात असल्यास मांसरस यांची योजना करावी.

विहाराच्या बाबतीत मात्र एक खुलासा आवश्यक आहे. आचार्यांनी व्रणी रुग्णास चंक्रमण टाळण्यास सांगितले आहे. उदरातील शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, हे आज निश्चितपणे ज्ञात आहे. म्हणून घरातल्या घरात दिवसातून अनेक वेळा सावकाश चालणे आवश्यक आहे. आचार्यांच्या उपदेशाचा गाभा व्रणावर ताण येऊ नये हा आहे. तो ओझे न उचलण्याने पाळला जातो, खाटेला खिळून राहण्याने नव्हे.

एकटीच्या घराची तयारी

पोटावर छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. योनिमार्गे किंवा दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेत हा काळ काहीसा कमी असतो; पण आतील टाके भरण्याची गती फारशी वेगळी नसते. बाहेरचा छेद लहान म्हणून आतील जखम लहान, असा समज रुग्णेच्या मनातून काढला पाहिजे. सुमारे सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये आणि तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वी शरीरसंबंध ठेवू नयेत, ही सर्वसामान्य मर्यादा आहे.

‘पाच किलो’ हा आकडा घरातील भाषेत सांगावा लागतो. दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे दहा किलो. मोठा हंडा त्याहून जड. भरलेले गॅस सिलिंडर सुमारे तीस किलोचे, त्यात १४.२ किलो गॅसच असतो. ओली चादर पिळणे, ज्वारीचे पीठ जोर लावून मळणे, पाट्यावर वाटणे या क्रियांतही पोटावर ताण येतो. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या वस्तीत एकट्या स्त्रीने हंडा उचलू नये असे नुसते सांगणे व्यर्थ आहे. तो कोण उचलणार हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरले पाहिजे.

रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी पुढील व्यवस्था करून घ्यावी. जमिनीवरील अंथरुणाऐवजी खाट असावी. उठताना आधी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठण्याचा सराव करून घ्यावा. पिण्याचे पाणी, औषधे, थर्मामीटर आणि मोबाईल खाटेवरून हाताशी असावेत. घराची एक किल्ली शेजारी असावी आणि दिवसा आतून कडी लावू नये. एकटी स्त्री चक्कर येऊन पडली तर बंद दार हाच मोठा शत्रू ठरतो. पाणी, सिलिंडर आणि कपडे या तीन कामांसाठी तीन माणसांची नावे कागदावर लिहून घ्यावीत. बचत गटातील मैत्रिणी व आशा कार्यकर्त्या यांचे येथे मोठे साहाय्य होऊ शकते.

आमच्या भागात हिवाळ्यात आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. मिरचीच्या हंगामात दोंडाईच्याच्या हवेत खाट भरलेला असतो. पथारींवर मिरची वाळते, शेकडो स्त्रिया देठ खुडण्याच्या कामावर बसतात. शिंक आणि खोकला यांनी ताज्या व्रणावर झटका बसतो. अशा रुग्णेस खोकताना उशी पोटाशी घट्ट धरण्यास शिकवावे आणि देठ खुडण्याचे काम घरी आणूनही करू देऊ नये.

औषधयोजनेतील तारतम्य

बाळंतिणीच्या उपचारांची सवय असल्याने या रुग्णेसही तेच उपचार करण्याकडे घरच्यांचा कल असतो. येथे वैद्याने ठामपणे अडविले पाहिजे. छेदाभोवतीची त्वचा काही काळ बधिर असते. शेगडीचा शेक तेथे दिल्यास भाजले तरी समजत नाही. व्रण पूर्ण भरेपर्यंत पोटावर अभ्यंग नको. योनिपिचू, योनिधावन, उत्तरबस्ती व इतर बस्ती शल्यचिकित्सकाच्या तपासणीपूर्वी कटाक्षाने टाळावेत.

सर्वाधिक त्रास मलावष्टंभाचा होतो. वेदनाशामके, लोहकल्प, अल्प हालचाल आणि शौचास जोर लावण्याची भीती ही त्याची कारणे होत. येथे अपानाचे अनुलोमन हेच सूत्र. भिजविलेल्या मनुका, कोमट पाणी, तूप आणि आवश्यकतेनुसार गंधर्वहरीतकीसारखा सौम्य योग उपयोगी पडतो. तीव्र विरेचन देऊ नये. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल तर अनुलोमक देत न बसता रुग्णेस तातडीने रुग्णालयात पाठवावे. शतावरी, अश्वगंधा यांसारखी बल्य द्रव्ये अग्नी पूर्ववत झाल्यावर द्यावीत. रुग्णा रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असल्यास गुग्गुळकल्प तज्ज्ञांशी बोलल्याविना देऊ नयेत.

ज्ञापकत्व : चौथ्या पादाचा गुण

चरकांनी रोग्याच्या चार गुणांत स्मृती, निर्देशकारित्व व अभीरुत्व यांसमवेत ज्ञापकत्व सांगितले आहे. आपल्याला काय होत आहे ते नीट सांगता येणे, हा तो गुण. उपस्थाता जवळ असेल तर त्याच्या डोळ्यांना दिसते. तो नसेल तेव्हा सर्व भिस्त ज्ञापकत्वावर राहते.

व्यवसायातील एक उदाहरण येथे नोंदविण्याजोगे आहे. वय ४४, गर्भाशयातील गाठींसाठी पोटावर छेद घेऊन शस्त्रक्रिया, पाचव्या दिवशी घरी. पती सुरतेस, मुलगी सासरी. अकराव्या दिवसापासून रुग्णेचे वस्त्र सतत ओले होऊ लागले. अशक्तपणामुळे असे होत असावे असे समजून, आणि सांगण्याच्या संकोचाने, ती कापडाच्या घड्या बदलत राहिली. ओल वाढू नये म्हणून पाणी पिणेही तिने कमी केले. अठराव्या दिवशी शेजारीण तिला ‘ताकदीचे औषध’ देण्यासाठी घेऊन आली. एकांतात विचारपूस केल्यावर खरा प्रकार कळला. मूत्राशय व योनी यांच्यामध्ये छिद्र पडल्याचा संशय आल्याने तिला त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठविले व निदान निश्चित झाले. असे छिद्र लहान असून लवकर ध्यानात आले तर काही वेळा मूत्रनलिका ठेवून आपोआप भरते. या रुग्णेत ते भरले नाही. काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि ती पूर्ण बरी झाली. सात दिवसांचे ते मौन घरात दुसरी स्त्री असती तर पहिल्याच दिवशी मोडले असते.

म्हणून पुढील लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून रुग्णेच्या खाटेजवळ लावावीत. लिहिता-वाचता येत नसल्यास तिच्याकडून तोंडपाठ करून घ्यावीत.

१. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप.
२. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, किंवा दुर्गंधीयुक्त स्राव.
३. लघवी न होणे, किंवा नकळत सतत ओल राहणे.
४. एका पोटरीस सूज व वेदना. अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे.
५. छेदातून पू, पाणी किंवा रक्त येणे, टाके उसवणे.
६. पोट फुगणे व वारंवार उलट्या.
७. योनिमार्गातून अचानक पाण्याचा लोट येणे किंवा काही बाहेर आल्यासारखे वाटणे.

चौथे व सातवे लक्षण दिसताच क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. याउलट काही आठवडे अल्प तपकिरी स्राव असणे, टाके विरघळताना एखादा दिवस किंचित रक्त दिसणे, लवकर थकवा येणे हे स्वाभाविक आहे, हेही सांगावे. एकट्या स्त्रीची भीती वाजवीपेक्षा अधिक वाढते. अभीरुत्व हा गुण माहितीनेच येतो.

बीजकोशांची चौकशी

गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले आहेत काय, हे अनेक रुग्णांना ठाऊक नसते. डिस्चार्ज कार्ड व काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा अहवाल स्वतः पाहावा व जपून ठेवण्यास सांगावे. रजोनिवृत्तीच्या वयापूर्वी दोन्ही बीजकोश काढले गेल्यास अंगातून गरम वाफा येणे, निद्रानाश, चिडचिड ही लक्षणे एकदम सुरू होतात आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृद्रोगाचा धोका वाढतो. एकट्या घरात रात्री घामाने जागी होणारी स्त्री आपल्याला काही भलतेच झाले असे समजते. तिला कारण सांगावे, संप्रेरकांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला घेण्यास लावावे आणि आपली चिकित्सा त्यास पूरक ठेवावी. गर्भाशय गेल्याचे दुःख अपत्ये मोठी झालेल्या स्त्रीसही होते. तिचे रडणे ‘वेड’ म्हणून उडवून लावू नये. पतीस दूरध्वनीवरून का होईना, विश्वासात घ्यावे.

वैद्याने काय करावे

उपस्थात्याचे चार गुण म्हणजे उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. हे चारही गुण एका व्यक्तीत मिळाले नाहीत, तरी अनेकांत वाटून मिळू शकतात. ज्ञान वैद्य देईल, दक्षता रुग्णेस शिकविता येईल, अनुराग शेजारीण, मैत्रीण, लेक यांच्याकडून येईल. त्यासाठी शस्त्रक्रियेचा कागद घेऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीस ‘घरी कोण आहे?’ हा प्रश्न विचारण्याची प्रथा आपण पाडावी. कोणी नसल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी तिला दूरध्वनी करावा. ताप, लघवी, मलप्रवृत्ती, स्राव, पोटऱ्या, झोप अशा सहा गोष्टी विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. बेचाळिसाव्या दिवशी रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

खेड्यापाड्यांत आणि लहान शहरांत रुग्णेच्या घराचा उंबरा ओळखणारा चिकित्सक बहुधा आपणच असतो. शल्यचिकित्सकाचे काम टाक्यांशी संपते. तिला पुन्हा हंडा उचलण्याची मुभा मिळेपर्यंतचे बेचाळीस दिवस आपल्या वाट्याचे आहेत. ते आपण स्वीकारले तर चिकित्सेचे चारही पाद पुन्हा जमिनीवर टेकतील.