एक्सेल शीटमध्ये आई कुठंय?

आमच्या घरात एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'घर 2.0'. दादाने काढलाय. मेंबर चारच आणि चौघंही एकाच हॉलमध्ये बसून त्यावर भांडतात. विषय एकच, डोंबिवली सोडायची का?

सुरुवात घरमालकाच्या फोनने झाली. ॲग्रीमेंट नोव्हेंबरमध्ये संपत होतं आणि 22 हजारांचं भाडं त्यांना 26 हजार करायचं होतं. "एकदम चार हजार?" बाबांनी विचारलं. "शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, लोक घर शोधत फिरतायत," ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. डोंबिवली पूर्वेला जुन्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक रिकाम्या होतायत. तिथल्या कुटुंबांना बिल्डर भाडं देतो आणि मुलांची शाळा, स्टेशन, नेहमीचा डॉक्टर जवळच हवा म्हणून ती कुटुंबं त्याच चार गल्ल्यांत घर शोधतात. आमच्यासारखे आधीपासूनचे भाडेकरू मग आपोआप स्पर्धेत उतरतात.

दादा ऐरोलीला आयटीत आहे. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. रविवारी त्याने लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. बदलापूरला तसंच टू बीएचके 13 हजारांत. ठाण्यात मानपाड्याच्या आसपास 40 हजार. डोंबिवली 26. "बदलापूरला गेलो तर वर्षाला 1 लाख 56 हजार वाचतात. मी निम्मा आठवडा घरीच असतो, मग स्टेशनजवळ राहायचे पैसे कशाला भरायचे?" मुद्दा बिनतोड वाटला. बाबांनीही चष्मा वर करून आकडा परत वाचला.

तसं आमच्या घराण्याला हे नवीन नाही. आजोबा गिरगावच्या चाळीतून डोंबिवलीला आले, तेव्हा नातेवाईक "जंगलात चाललात" म्हणाले होते. गिरगाव, दादर, परळच्या दीड-दोन खोल्यांत न मावणारी कितीतरी मराठी कुटुंबं अशीच या लाइनवर आली. सीएसएमटीपासून ठाणे 34 किलोमीटर, डोंबिवली 48, बदलापूर 68. प्रत्येक पिढी थोडी पुढच्या स्टेशनला उतरते. फरक एवढाच, की आजोबांना रोज फोर्टला जायचंच होतं. आपल्या पिढीला कुणीतरी सांगितलं, जायची गरजच नाही.

आठवतंय ना 2020? मी तेव्हा अकरावीत. दादाचं ऑफिस डायनिंग टेबलवर आलं आणि आईला कुकरची शिट्टी त्याच्या मीटिंग बघून लावावी लागायची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं, की 2025 पर्यंत एका वेळी फक्त 25 टक्के कर्मचाऱ्यांनी ऑफिसात असलं तरी पुरेल. सप्टेंबरपासून राज्य सरकारने घरखरेदीवरची स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली, तीही डिसेंबरपर्यंतच. गृहकर्जही स्वस्त होतं. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्क्यांवर होता. ऑफिसला जायचं नाही, ड्युटी कमी, हप्ता कमी! लांब पण मोठं घर घ्यायला अजून काय कारण हवं?

पुढचं माहीत आहेच. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून साडेसहावर गेला. 40 लाखांचं वीस वर्षांचं कर्ज 7 टक्क्यांना असेल तर हप्ता 31 हजार, साडेआठला साधारण 34 हजार 700. आणि ऑक्टोबर 2023 पासून त्याच टीसीएसने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सक्तीचं केलं. माझ्या मैत्रिणीच्या ताईची कंपनी वेगळी, पण कहाणी हीच. पूर्ण वर्क फ्रॉम होम म्हणून टिटवाळ्याच्या पुढे घर घेतलं, मग एके दिवशी मेल आला. आता ती पहाटे साडेपाचला उठते. घर मात्र सुंदर आहे, बाल्कनीतून डोंगर दिसतो. रविवारी.

दादाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आमचं हायब्रिड आहे, परमनंट पॉलिसी आहे." मी म्हटलं, एचआरकडून लेखी घे. त्याने खरंच मेल टाकला. उत्तर दोन ओळींचं. सध्या तीन दिवस, धोरणात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना लवकरच प्लेसमेंटमध्ये ऑफर लेटर मिळेल. त्यातली 'हायब्रिड' शब्दाच्या आजूबाजूची वाक्यं पॅकेजच्या आकड्याइतकीच नीट वाचा. दादाने ती नोकरीला लागल्यावर तीन वर्षांनी वाचली.

तरी आम्ही बदलापूरला घर बघायला गेलो. हवेशीर, स्वच्छ, मागे झाडं. आईने पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठपर्यंत येतं?" ब्रोकरला नळाचं पाणी वाटलं, आईला उल्हास नदीचं म्हणायचं होतं. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, हे ती विसरलेली नाही. शिवाय परतीची गाडी पाहायला आम्ही स्टेशनवर उभे राहिलो तेव्हा लक्षात आलं, डोंबिवलीला एक लोकल चुकली तर मागून दुसरी असते, इथे चुकली तर चहा पिऊन व्हायचा.

त्या रात्री मी दादाची शीट उघडली. त्यात प्रवासाच्या रकान्यात एकच माणूस होता, तो स्वतः. आठवड्याला तीन दिवस, रोज जास्तीचा एक तास. बाबा मशीद बंदरला सहा दिवस जातात. मी इंटर्नशिपला सहा दिवस जाते. आमच्या क्षेत्रात घरून काम म्हणजे सुट्टीच्या दिवशीही बातमी लिहिणं, असा अर्थ आहे! तिघांचे मिळून आठवड्याला पंधरा तास, वर्षाचे 48 आठवडे धरले तर 720 तास. वाचणारे 1 लाख 56 हजार भागिले 720, म्हणजे तासाला 217 रुपये. एवढ्यासाठी आम्ही गाडीत उभं राहणार होतो. 'उभं' हा शब्दही आशावादी आहे. 9 जून 2025 ला सकाळी मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, माणसं गेली. त्या दिवशी दादा ऑफिसला होता. आईने त्याला अकरा फोन केले होते.

आणि शीटमध्ये आई कुठेच नव्हती. ती नोकरी करत नाही, म्हणून रकाना शून्य. दादा घरून काम करतो ते दोन दिवस हॉल बंद असतो. टीव्ही म्यूट, मिक्सर दुपारनंतर, भिशी शेजारच्या काकूंकडे. तिची भाजीवाली, गणेश मंदिर, पायी जाता येईल अशी लायब्ररी, हे सगळं सोडून ती बदलापूरला दिवसभर कुणाशी बोलणार? एका माणसाच्या वर्क फ्रॉम होमवर आम्ही चौघांचं घर हलवायला निघालो होतो.

मग ठाणे? ठाण्याहून ऐरोली दहा मिनिटांवर. आज डोंबिवलीकराला ठाण्यात उतरून, पूल चढून, ट्रान्स-हार्बर पकडावी लागते. तो त्रास टाळणारा कळवा-ऐरोली उन्नत मार्ग वर्षानुवर्षं रखडलाय. पण 40 हजार भाडं म्हणजे महिन्याला 14 हजार जास्तीचे, आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक फुकट. ब्रोकर लोकांचा हुकमी एक्का म्हणजे "मेट्रो येतेय". येतेय हो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 ला कल्याणमध्ये झालं, तेव्हा मी दहावीत होते. मेट्रो येईल तेव्हा येईल, भाडं मात्र तिच्या नावाने आधीच वाढतं.

"मग छोटंसं विकतच घेऊ," असंही बाबा एकदा म्हणाले. पण नोव्हेंबर 2024 मध्ये हायकोर्टाने कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला. महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून त्यांनी महारेराचा नंबरही मिळवला होता. कर्ज काढून तिथे राहणाऱ्यांचा दोष काय, तर त्यांनी नंबर बघितला, त्यामागची कागदं महापालिकेत जाऊन तपासली नाहीत. आपल्यापैकी कुणी तपासली असती? बाबा गप्प झाले.

शेवटी आम्ही सर्वांत कंटाळवाणा पर्याय निवडला. घरमालकांना चहाला बोलावलं. सहा वर्षं भाडं एकदाही उशिरा गेलं नाही, रंग आम्ही काढला, हे आईने सांगितलं. बाबांपेक्षा ती चांगली वाटाघाट करते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. 24 हजार, तीन वर्षांसाठी, दरवर्षी 5 टक्के वाढ. म्हणजे तिसऱ्या वर्षी 26 हजार 460, जे ते आत्ताच मागत होते. 'अकरा महिन्यांचंच करू, रजिस्ट्रेशन नको' हा सल्ला मधल्या एजंटने दिलाच. हे लक्षात ठेवा, कारण पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट शेअर कराल तेव्हा हाच सल्ला मिळेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि रजिस्टर्ड लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. लॉक-इन किती, नोटीस किती दिवसांची, हेही सहीच्या आधी वाचा.

एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी आला. बाबांचा अंगठा तीनदा उमटला नाही, चौथ्यांदा आईने ओल्या फडक्याने पुसून दिला तेव्हा उमटला. दादाने शीट बंद केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑफिसचे वार लिहून लावले. रात्री 'घर 2.0' वर आईचा मेसेज आला, "पुढची भिशी आपल्याकडे. मंगळवारी. मंगळवारी तो ऑफिसला असतो."