शेवटच्या ग्रामपंचायतीचे पोर्ट

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९८४ मध्ये, सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने ‘सी-डॉट’ ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता; परंतु विरळ वस्तीच्या, उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या आणि विजेचा भरवसा नसलेल्या मुलखात टेलिफोन कसा टिकवायचा, या प्रश्नाचे ठोस भारतीय उत्तर याच संस्थेने दिले. ‘रॅक्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या तिच्या ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंजला वातानुकूलित खोली लागत नसे आणि त्याची क्षमता १२८ पोर्टची होती. बाहेरून आलेली एक वाट यंत्रात जिथे शिरते, ती जागा म्हणजे पोर्ट. त्या काळी ही वाट म्हणजे ग्राहकाच्या घरून आलेली तांब्याच्या तारांची जोडी असे, किंवा शेजारच्या एक्सचेंजला जोडणारी लाइन.

आज तालुक्याच्या एक्सचेंजमधील यंत्राला तांब्याच्या तारेऐवजी काचेचा तंतू जोडलेला असतो. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ग्रामपंचायतींसाठी राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे मंजूर केले, ज्याचे नाव पुढे ‘भारतनेट’ झाले. पहिल्या टप्प्याच्या रचनेत तालुक्याच्या एक्सचेंजमध्ये ‘ओएलटी’ हे मुख्य यंत्र आणि ग्रामपंचायतीत ‘ओएनटी’ ही छोटी पेटी असते, आणि या दोहोंमध्ये प्रकाशाची वाटणी करणारा स्प्लिटर बसवतात, ज्याला वीज मुळीच लागत नाही. ओएलटीच्या एका पोर्टवरून निघालेला प्रकाश अशा रीतीने अनेक गावांत पोहोचतो. म्हणूनच या पोर्टच्या मांडणीत चूक झाली, तर तिचा फटका एका ग्राहकाला बसून थांबत नाही, त्या फांदीवरच्या साऱ्या ग्रामपंचायती एकाच वेळी मुक्या होतात.

पोर्ट सुरू करण्याचे काम पडद्यावर काही आज्ञांचे असते, मात्र प्रत्येक आज्ञेमागे एक निर्णय असतो. कोणत्या शेल्फमधील कोणत्या कार्डावरचे कितवे पोर्ट हे आधी निश्चित होते. मग त्याला वर्णन दिले जाते, ज्यात गावाचे नाव, केबलचा क्रमांक आणि तंतूचा रंग असावा लागतो, कारण केबलमधील तंतू निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या क्रमाने ओळखले जातात. यंत्र या वर्णनाशिवायही निमूटपणे चालते, आणि म्हणूनच घाईत हा रकाना रिकामा राहतो. त्यानंतर ग्रामपंचायतीतील पेटीचा अनुक्रमांक यंत्रात नोंदवला जातो. पेटीने उत्तर दिले, की तो प्रकाश जाऊन यायला किती वेळ लागला हे ओएलटी मोजते आणि प्रत्येक गावाला बोलण्याची वेळ नेमून देते, जेणेकरून जवळच्या आणि दूरच्या गावांचे संदेश एकमेकांवर आदळू नयेत. जाणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि येणारा १३१० नॅनोमीटरचा असल्यामुळे दोन्ही दिशांना एकच तंतू पुरतो.

खरी परीक्षा प्रकाशाच्या हिशेबात होते. प्रकाशाची शक्ती ‘डीबीएम’ या एककात मोजतात, ज्यात शून्य म्हणजे १ मिलिवॉट आणि दर ३ एककांच्या घटीला शक्ती साधारण निम्मी होते. समजा, पोर्टमधून अधिक ३ शक्तीचा प्रकाश निघाला. आठ वाटा करणाऱ्या स्प्लिटरने त्यातले सुमारे साडेदहा खाल्ले, बारा किलोमीटर काचेने आणखी तीन आणि सांधे व जोडण्यांनी दोन घेतले, तर गावात उणे साडेबाराच्या आसपास प्रकाश पोहोचतो. सर्वसाधारण वापरातील ‘बी प्लस’ वर्गाची पेटी उणे २७ पर्यंतचा, म्हणजे मिलिवॉटच्या सुमारे पाचशेव्या भागाइतका, क्षीण प्रकाश वाचू शकते. हिशेबात शिल्लक मोठी दिसते. पण रस्ता रुंद करताना, नाला खोदताना किंवा पुरात केबल तुटते, ओल्या खड्ड्याशेजारी घाईने सांधा जोडला जातो, कुठे तंतू अवाजवी वाकतो, आणि अशा प्रत्येक प्रसंगी ही शिल्लक घटत जाते. सेवा सुरू झाली त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवलेला नसेल, तर आजचा उणे २५ हा आकडा जन्मजात आहे की बिघाडाची चाहूल, हे कोणालाही सांगता येत नाही.

ओएलटीपासून पुढे जिल्ह्याकडे जाणाऱ्या इथरनेट पोर्टची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. तिथे एकाच तंतूतून ग्रामपंचायतीचे इंटरनेट, एखाद्या मोबाइल टॉवरची वाहतूक आणि यंत्रांच्या देखरेखीचे संदेश असे सगळे एकत्र जाते, आणि ते वेगळे ओळखता यावे म्हणून प्रत्येक संदेशावर ‘व्हीलॅन’चा क्रमांक लावतात; ४०९४ पर्यंतचे हे क्रमांक दोन्ही टोकांच्या पोर्टवर सारखेच मान्य केलेले असावे लागतात. तांब्याच्या जोडणीत आणखी एक जुने दुखणे उद्भवते: एका बाजूला वेग आणि दुतर्फा बोलण्याची पद्धत हाताने पक्की केली आणि दुसरी बाजू ती आपोआप ठरवण्यावर सोडली, तर दुसरी बाजू एका वेळी एकानेच बोलण्याच्या पद्धतीवर घसरते. दिवा हिरवाच दिसतो, जोडणी ‘चालू’ असल्याची नोंद येते, चाचणीचा लहान संदेशही परत येतो. पण काम सुरू होताच चुकांचा आकडा चढत जातो आणि दाखल्यासाठी आलेला माणूस संगणकासमोर ताटकळतो.

भामरागडसारख्या तालुक्याच्या बाबतीत मांडणी भूगोलाकडे पाहूनच करावी लागते. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमाजवळ वसलेल्या या गावाचा पर्लकोटेच्या पुरामुळे पावसाळ्यात संपर्क तुटतो, आणि एकाच रस्त्याच्या कडेने आलेली केबलही त्याच पुराच्या तावडीत असते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या, १,३९,५७९ कोटी रुपये खर्चाच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात यासाठीच वर्तुळाकार रचनेचा स्वीकार झाला, ज्यात एक बाजू तुटली तरी वाहतूक दुसऱ्या बाजूने वळते. हा निर्णय योग्यच आहे. मात्र वर्तुळ फायद्याचे ठरण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजू खरोखर वेगवेगळ्या वाटांनी गेल्या पाहिजेत, आणि पोर्टवर वर्तुळ-संरक्षणाची मांडणी बिनचूक असली पाहिजे. नाहीतर तेच संदेश गोल गोल फिरत वाढत जातात आणि संपूर्ण जाळे ठप्प होते.

केबलची वाट पुष्कळदा वनजमिनीतून जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये ज्या तेरा सार्वजनिक सुविधांसाठी वनजमीन वळवण्याची सोपी तरतूद आहे, त्यांत वीज आणि दूरसंचाराच्या वाहिन्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्येक प्रकरणी जमीन १ हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या तिच्या अटी आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि ग्रामसभा आपल्या जंगलाचा कारभार किती काटेकोरपणे करू शकते हे या भागाने देशाला दाखवून दिले आहे. त्यामुळे केबलसाठी ग्रामसभेची केवळ सही घेऊन थांबणे ही मोठी संधी वाया घालवणे होय.

त्या शिफारशीसोबत ग्रामसभेने एक साधी अट घालावी: आपल्या गावाची जोडणी कोणत्या एक्सचेंजच्या कोणत्या कार्डावरील कोणत्या पोर्टवरून आली, तंतूचा रंग कोणता, पेटीचा अनुक्रमांक काय आणि पहिल्या दिवशी प्रकाश किती होता, एवढे सहा तपशील ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून मिळावेत, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर प्रकाशाचा नवा आकडा त्याखाली चढवला जावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. मात्र केबल पुन्हा तुटेल तेव्हा गावातला तरुण आणि तालुक्यातला अभियंता फोनवर एकाच आकड्याविषयी बोलू शकतील.