लाखेत उरलेला आवाज, हरवलेलं नाव

(ब्रह्मपुरी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

बोलायला सुरुवात करण्याआधी ही एक वस्तू पुढच्या रांगेतून मागे पाठवतो. फुटलेली तबकडी आहे. कड धारदार आहे, पोरांच्या हातात देताना जपून. हातात घेतली की पहिल्यांदा वजन जाणवेल. कशाची असेल? प्लास्टिकची, असं बहुतेक जण म्हणतात. मंडळी, ही लाखेची आहे. पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवर जो किडा बसतो, त्याची लाख. गोंदिया-गडचिरोलीकडे आजही ती काढली जाते. ती शुद्ध करून पातळ पापुद्रे केले की त्याला चपडा म्हणतात. आपले सुतार फर्निचरला पॉलिश करायला वापरतात तोच. या चपड्यात दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे सुती धागे मिसळून, गरम करून, साच्यात दाबायचं. १९५० च्या दशकापर्यंत जगभरच्या बहुतेक तबकड्या अशाच बनत, आणि जगाची लाख मुख्यतः भारतातल्या जंगलांतून जाई. म्हणजे शिकागोत गाणाऱ्या बाईचा आवाज ज्यावर उमटला, ती वस्तू आपल्यासारख्याच एखाद्या झाडीतून गेलेली असायची.

आम्ही काही जण जुन्या रेकॉर्ड्स गोळा करतो. इथून जवळच्याच एका गावातल्या जुन्या वाड्यात आम्हाला धान्याच्या कोठीमागे एक लाकडी पेटी मिळाली. पेटीत बावीस तबकड्या होत्या. नऊ फुटलेल्या, चारांच्या मधल्या कागदाला कसर लागलेली. त्या चारांतली एक आम्ही धुऊन लावली आणि खोलीतलं बोलणं थांबलं. बाईचा आवाज. तरुण, किंचित घाबरलेला, पण सुराला पक्का. कागदावर वाचता येत होतं ते एवढंच: ‘मिस’, आणि पुढे भोक.

आजचा विषय ते भोक आहे.

असल्या भोकामागे लागलेले लोक जगात बरेच आहेत, आणि त्यांतले सगळ्यांत चिवट बहुधा इंग्लंडच्या उत्तर भागात सापडतील. १९७० च्या आसपासची गोष्ट. गिरण्या-कारखान्यांची गावं, आठवडाभर यंत्रावर राबणारी पोरं. त्यांना वेड लागलं अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांच्या सोल संगीताचं. गंमत म्हणजे गाजलेल्या गाण्यांचं नाही, पडलेल्या गाण्यांचं. डेट्रॉइटमध्ये १९६४-६५-६६ साली निघालेल्या, अमेरिकेत कुणी न घेतलेल्या, गोदामात धूळ खात पडलेल्या रेकॉर्ड्स. विगन गावातल्या ‘कसिनो’ नावाच्या हॉलमध्ये १९७३ ते १९८१ या काळात रात्रभर या रेकॉर्ड्सवर नाच चाले, अगदी सकाळपर्यंत. रात्रभर जागून बघायची सवय काय असते, हे झाडीपट्टीच्या माणसाला समजावून सांगायला नको.

तिथे रेकॉर्ड लावणाऱ्याची किंमत त्याच्याकडे काय आहे, जे दुसऱ्याकडे नाही, यावर ठरायची. मग काय करत? तबकडीच्या मधल्या कागदावर कोरा कागद चिकटवत आणि गाण्याला, गायकाला खोटं नाव देत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शोधता येऊ नये. फ्रँक विल्सन नावाच्या गायकाच्या १९६५ च्या एका रेकॉर्डच्या मोजक्याच प्रती वाचल्या. त्यांतली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. आम्हाला या किमतीचं कौतुक नाही. ज्या लोकांनी हरवलेला आवाज वाचवला, त्यांनीच काही काळ त्याचं नाव लपवलं, याचं मात्र आश्चर्य वाटतं.

पण त्याच वेडातून चांगलंही घडलं. मिशिगनमधल्या कॉलेजात जमलेल्या मुलींचा ‘व्हेल्वलेट्स’ नावाचा एक गट होता. मोटाउन कंपनीने त्यांच्या थोड्या रेकॉर्ड्स काढल्या, पण पहिल्या रांगेत त्यांना कधी बसवलं नाही. लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, गट विरला. आणि १९७१ मध्ये त्यांची पाच वर्षं जुनी एक रेकॉर्ड ब्रिटनच्या यादीत चढली! १९८४ मध्ये त्या पुन्हा एकत्र येऊन गाऊ लागल्या. दूरच्या एका देशात कुणीतरी आपलं गाणं जपून ठेवलंय, हे पुष्कळ वर्षांनी कळणं म्हणजे काय असेल!

याच मोटाउनमध्ये तिघीजणी होत्या: जॅकी हिक्स, मार्लिन बॅरो आणि लूव्हेन डेम्प्स. गटाचं नाव अँडान्टीज. कंपनीच्या असंख्य गाण्यांत मागचे आवाज यांचे, पण तबकडीवर नाव नाही. १९६८ मधल्या ‘सुप्रीम्स’च्या एका अतिशय गाजलेल्या गाण्यात डायना रॉसच्या मागे गाणाऱ्या बाया प्रत्यक्षात याच, कागदावर नाव मात्र सुप्रीम्सचं. म्हणजे कागद शाबूत असला तरी तो खरं बोलतोच असं नाही, हे आमच्या कामात पहिल्यांदा शिकावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात तबकडीसाठी पहिलं ध्वनिमुद्रण झालं नोव्हेंबर १९०२ मध्ये, कोलकात्यात. फ्रेड गैसबर्ग नावाचा माणूस लंडनच्या ग्रामोफोन कंपनीकडून यंत्र घेऊन आला होता. त्याच्या कर्ण्यासमोर पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या शशिमुखी आणि फणिबाला, क्लासिक थिएटरमधल्या दोन कोवळ्या मुली. गैसबर्गने डायरीत त्यांच्या आवाजाबद्दल बरं लिहिलेलं नाही. काही दिवसांनी गौहरजान आल्या आणि तो खूश झाला. गौहरजानवर पुस्तकं आहेत, नाटकं आहेत. त्या दोघी मुली मात्र इतिहासात एका ओळीच्या पुढे सरकत नाहीत.

गौहरजान गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायच्या. ऐकणाऱ्याला तो तोरा वाटतो, आणि तोरा होताच. पण त्याला व्यवहाराचंही कारण होतं. मेणावरचं मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तबकड्या तिथे छापल्या जात. तिथल्या कामगाराला गाणं बंगाली की मराठी, गाणारी कोण, काय कळणार? म्हणून गायिकेनेच शेवटी नाव सांगायचं. पुढे १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला, पद्धती बदलल्या आणि ही प्रथा मागे पडली. कंपनीची सोय झाली, आमची गैरसोय. आमच्या त्या ‘मिस’च्या रेकॉर्डच्या शेवटी कुणी काही बोलत नाही, पिन फक्त खरखरत राहते.

मग शोधायचं कसं? फुटलेली तबकडी ज्यांच्या हातात असेल त्यांनी मधल्या कागदाच्या कडेला, गुळगुळीत पट्ट्यावर बघा. उजेडात तिरपी धरा. बारीक कोरलेले आकडे दिसतील. तो मॅट्रिक्स नंबर. कागदावर छापलेला असतो तो कॅटलॉग नंबर, विक्रीसाठी दिलेला. या दोहोंतला फरक शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल: मॅट्रिक्स नंबर म्हणजे सर्व्हे नंबर. सातबाऱ्यावरचं नाव बदलेल, जमीन विकली जाईल, पण मोजणीचा आकडा जागेला चिकटलेला राहतो. तेच गाणं कंपनीने दहा वर्षांनी दुसऱ्या मालिकेत, दुसऱ्या रंगाच्या कागदावर काढलं तरी मेणातला आकडा तोच. शिवाय हे आकडे ज्या क्रमाने गाणी मुद्रित झाली त्या क्रमाने पडत. त्यामुळे आमच्या बाईच्या आकड्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा कुणाचा, हे कळलं की त्या दिवशी त्या खोलीत कोण कोण आलं होतं याचा अंदाज बांधता येतो. साथीला तोच तबलजी असेल, तोच हार्मोनियमवाला.

हे आकडे जुळवायचं काम एकट्याचं नाही. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कंपन्यांच्या याद्या, जुन्या जाहिराती, संग्राहकांच्या वह्या यांचा पाठलाग केला, ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिक चालवलं. ही माणसं मुख्यतः हौशी. कुणी शास्त्रज्ञ, कुणी बँकेत, कुणी दुकानदार. रविवारी चोरबाजारात वाकून वाकून पाठ धरलेली.

आकडा सापडला तरी नावाची कटकट संपत नाही. बायकांच्या बाबतीत तर खास. घरंदाज स्त्रीने गाणं म्हणजे लाजेची गोष्ट मानली जाई, त्यामुळे चित्तरंजन दासांच्या बहिणीची, अमला दास यांची रेकॉर्ड निघाली ती ‘मिस दास, अमॅच्युअर’ म्हणून. अमॅच्युअर, म्हणजे ही धंदेवाली नव्हे हो, असा खुलासा! ज्या बायांचं पोट गाण्यावर चालत होतं, त्यांनी हा शब्द वाचून काय म्हटलं असेल?

आपल्या महाराष्ट्रातलं घर घ्या. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या मुली. घरातली चंपाकली जगाला हिराबाई बडोदेकर म्हणून कळली, सकीना झाली सरस्वती राणे, आणि त्यांची तिसरी बहीण कमलाबाई बडोदेकर. आईवडील वेगळे झाले, आईने मुलांची नावं बदलली. हिराबाईंनी पुढे नाट्यशाखा काढली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करतील असं ठरवून तिघी बहिणी रंगमंचावर उभ्या राहिल्या. हिराबाई आणि सरस्वतीबाईंनी जुगलबंदी गायली, तेव्हा दोन बायांनी शेजारी बसून ख्याल गाणं ही नवलाईच होती. हिराबाई सगळ्यांना माहीत, सरस्वतीबाई जाणकारांना माहीत, आणि कमलाबाई? सभागृहात हात वर करा. तीन. तीनच. एकाच घरात, एकाच रंगमंचावर, एकाच तालमीत हे होतं.

आणि १९४९ चा ‘महल’ चित्रपट. त्यातलं ते गाणं सगळ्या देशाने गुणगुणलं, पण तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते मधुबालेच्या पात्राचं नाव! रेडिओवर श्रोत्यांची पत्रं येऊ लागली, गाणारी कोण ते सांगा म्हणून. मग लता मंगेशकरांचं नाव जाहीर झालं. म्हणजे साधा पत्र लिहिणारा श्रोता नावाचं काम करू शकतो.

शोधाची आम्हाला सगळ्यांत आवडणारी गोष्ट केसरबाई केरकरांची. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवायला सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी तयार होत होती, पृथ्वीवरचे आवाज घेऊन. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी सुचवलं की भारतीय गाणं घ्यायचं तर केसरबाईंची भैरवी घ्या. सुचवलं खरं, पण रेकॉर्ड मिळेना. बाजारातून ती केव्हाच गेली होती. अ‍ॅन ड्रुयन शोधत शोधत न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात पोचल्या. तिथे एका टेबलाखाली धुळकट खोकं होतं आणि त्यात त्याच रेकॉर्डच्या न उघडलेल्या प्रती! यानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरी गावच्या बाईचा आवाज आज आंतरतारकीय अवकाशात आहे, तो एका टेबलाखालच्या खोक्यामुळे. दुकानदाराने ते खोकं त्याआधी भंगारात दिलं असतं तर? आपल्याकडे तसं सर्रास झालं. फुटक्या तबकड्या दळून पुन्हा नव्या तबकड्यांत जात, आणि युद्धकाळात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा तर अमेरिकेत नवी रेकॉर्ड हवी तर जुनी आणून द्या, असा व्यवहार चालला.

तुम्ही म्हणाल, हे मुंबई-कोलकात्याचं झालं, ब्रह्मपुरीत कशाला सांगता? कारण सांगतो.

दिवाळीची मंडई झाली की होळीपर्यंत आपल्याकडे नाटकं चालतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. वडशाला कंपन्यांची कार्यालयं, गावोगाव पोस्टर. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीचं नाव बाहेर गेलं, आनंदच आहे. पण पन्नास वर्षांत या मंचावर किती बाया गायल्या? आधी बाईची भूमिका पुरुष करत, मग बाया आल्या. रात्रभर उघड्यावर, थंडीत, खाली बसलेल्या हजारो माणसांसमोर गायच्या आणि पहाटे गाडीत बसून दुसऱ्या गावाला. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. निघाल्या त्या कॅसेटी, कुणीतरी टेपरेकॉर्डर मंचाजवळ ठेवून भरलेल्या. त्या कॅसेटींवर काय लिहिलेलं असतं? आम्ही पाहिलेल्या बहुतेकींवर नाटकाचं नाव, फार तर गावाचं. बाईचं नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या ‘मिस’च्या बाबतीत निदान कागद होता, तो कसरीने खाल्ला. इथे कागदच लागलेला नाही. आणि फरक हा की त्या बायांपैकी पुष्कळ जणी अजून आहेत. कुणी नातवंडं सांभाळते, कुणी शेतावर जाते. शशिमुखीला विचारायला आता कुणी जाऊ शकत नाही. यांच्या घरी एसटीने जाता येतं.

एक चिठ्ठी आली आहे: ‘घरी आजोबांच्या सहा रेकॉर्ड्स आहेत, काय करू?’ उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. उन्हात ठेवल्या तर वाकतील. पुसायला स्पिरिट अजिबात नको, लाख त्यात विरघळते. साधं पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ फडकं, मधला कागद कोरडा राहू द्या. वाजवण्याआधी कागदाचा आणि कोरलेल्या आकड्यांचा फोटो काढा. कॅसेट असेल आणि आत पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका, फीत तुटेल आणि यंत्रही खराब होईल. आणि नाटकाची पाम्प्लेटं रद्दीत देऊ नका. तारीख, कंपनी, कलाकार सगळं त्यावर असतं. आपल्या कॅसेटींचा मधला कागद तोच समजा.

फुटकी तबकडी मागच्या रांगेपर्यंत पोचली ना? बरं. आता त्या ‘मिस’ची अख्खी रेकॉर्ड लावतो. चावी दिली आहे, पिन नवी घातली आहे. पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची असते. तीन मिनिटांचं गाणं आहे. सभागृहात बरीच वयस्कर मंडळी दिसताहेत. ही तबकडी तुमच्याच भागातल्या वाड्यात इतकी वर्षं होती, कुणाच्या तरी घरी फोनोवर वाजली असेल. आवाज ओळखू आला, किंवा ही चीज कुणी गुणगुणताना ऐकल्याचं आठवलं, तर गाणं संपायची वाट बघू नका. हात वर करा.