राजवंशांचा चीन (११) : सेनापतींची धास्ती

मागच्या भागात आपण तांग राजवंशाच्या अखेरीपर्यंत आलो होतो. ९०७ साली तांग संपले आणि पुढच्या ५३ वर्षांत उत्तर चीनमध्ये पाच राजवंश होऊन गेले. त्यांना राजवंश म्हणायचे ते केवळ रिवाज म्हणून. प्रत्यक्षात कुणी तरी सेनापती राजधानीवर चालून येई, गादीवर बसे, आणि त्याच्या मुलानातवाची घडी बसायच्या आत दुसरा सेनापती येऊन गादी बळकावे. सैन्य ज्याचे, राज्य त्याचे.

या पाचांतला शेवटचा म्हणजे उत्तर चौ. ९५० च्या अखेरीस कुओ वेइ नावाचा सेनापती ‘उत्तरेकडून खितान चालून आले’ म्हणून फौज घेऊन निघाला. छानचौ या गावी त्याच्या सैनिकांनी एक पिवळे निशाण फाडून त्याच्या अंगाभोवती गुंडाळले. पिवळा रंग सम्राटाचा. फौज तिथूनच माघारी वळली आणि कुओ वेइ सम्राट झाला. त्याच्या चाकरीत तेव्हा चाओ ख्वांग-यिन नावाचा विशीतला एक गडी होता. नऊ वर्षांनी हाच चाओ राजधानीच्या फौजेचा सरसेनापती झाला होता आणि गादीवर सात वर्षांचे पोर होते. ९६० च्या नववर्षाच्या सुमारास पुन्हा तीच वार्ता आली की खितान चालून आले. चाओ फौज घेऊन निघाला. राजधानी कायफंगच्या बाहेर छनछ्याओ या ठिकाणी पहिला मुक्काम पडला. सरकारी इतिहास सांगतो, की सेनापती पिऊन गाढ झोपले होते, पहाटे सैनिकांनी त्यांना उठवले आणि ‘नको नको’ म्हणत असतानाही अंगावर पिवळा झगा चढवला. तो झगा छावणीत आधीपासून कसा काय तयार होता, हे मात्र सरकारी इतिहास सांगत नाही. आणि खितानांचे पुढे काय झाले, हे कुणी विचारलेच नाही.

असा सुंग राजवंश जन्माला आला. चाओचे वेगळेपण दिसले ते पुढे. माघारी फिरण्याआधी त्याने सैनिकांकडून वचन घेतले की शहर लुटायचे नाही आणि त्या पोराला व राजमातेला हात लावायचा नाही. ते वचन पाळले गेले. या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट. पण गादीवर बसल्यावर त्याला झोप लागेना. आपण ज्या वाटेने आलो ती वाट अजून उघडीच आहे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

९६१ साली एका रात्री त्याने आपल्या जुन्या साथीदारांना, म्हणजे षृ शौशिनसारख्या बड्या सेनापतींना, मद्यपानाला बोलावले. चार पेले झाल्यावर सम्राट म्हणाला, की मला रात्री झोप येत नाही. सरदारांनी शपथा घेतल्या, आम्ही तुमचेच. त्यावर तो म्हणाला, तुमच्यावर माझा भरवसा आहे, पण उद्या तुमच्याच माणसांनी तुमच्या अंगावर पिवळा झगा टाकला तर तुम्ही काय करणार? सगळे रडकुंडीला आले. मग त्याने वाट दाखवली : फौजा सोडा, जमिनी आणि वाडे घ्या, गाणीबजावणी ऐकत सुखाने म्हातारे व्हा, आपण सोयरीक करू. दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्यांनी प्रकृती बरी नसल्याचे अर्ज पाठवले.

गोष्ट इतकी बेतशीर आहे की अभ्यासकांना तिचा संशय येतो. त्याच उन्हाळ्यात सम्राटाची आई वारली होती. सुतकात असलेला सम्राट मद्याची मैफल भरवेल का, हा त्यांचा आक्षेप वाजवी आहे. मैफल झाली असो वा नसो, सौदा मात्र खरा. सेनापती पदांवरून गेले, षृ शौशिनने पुढे अमाप माया जमवली, आणि त्याच्या मुलाला सम्राटाची मुलगी दिली गेली. सत्ता सोडवताना रक्त सांडले नाही, हे मला तरी या घराण्याचे पहिले मोठे यश वाटते.

पण एका रात्रीच्या दारूने राज्य टिकत नाही. त्यामागे यंत्रणा उभी राहिली. राजधानीच्या फौजेची सरदारकी तीन कचेऱ्यांत फोडली. फौज हलवायचा हुकूम काढण्याचा अधिकार त्या तिघींनाही नाही. तो वेगळ्या लष्करी खात्याकडे, आणि त्या खात्याच्या हाताशी एकही पलटण नाही. पलटणी दर काही वर्षांनी एका सरहद्दीवरून दुसरीकडे फिरवायच्या, त्यांचे सरदार मात्र त्यांच्याबरोबर जायचे नाहीत. सैनिकाला सेनापती अनोळखी आणि सेनापतीला सैनिक. प्रांतांत मुलकी अधिकारी नेमले आणि करांचा पैसा थेट राजधानीत येऊ लागला. अशा व्यवस्थेत बंड करणे कठीण. लढाई जिंकणेही कठीण, हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

पहिल्या सम्राटानंतर त्याचा भाऊ ताइत्सुंग गादीवर आला. त्याची तऱ्हा आणखी पुढची. तो सेनापतींना राजधानीतूनच व्यूहाचे नकाशे काढून देई. ९७९ साली मानछंगजवळ खितानांची फौज समोर उभी ठाकली आणि सुंग सेनापती हुकमाप्रमाणे आठ व्यूह मांडायला लागले, दोन व्यूहांत शंभर पावलांचे अंतर ठेवून. एका सरदाराने उंचावर चढून पाहिले तर शत्रू दोन्ही बाजूंनी पसरत येत होता. ही आठ शकले एकेक करून गिळली जाणार, हे उघड होते. पण सम्राटाचा नकाशा मोडायचा कुणी? बराच खल झाला. शेवटी एकाने ‘काय शिक्षा होईल ती माझ्या माथी’ म्हणून जबाबदारी घेतली, आठाचे दोन व्यूह केले, आणि सुंग फौज जिंकली. शत्रू अंगावर येत असताना रणांगणावर चर्चा कशाची, तर हुकूम मोडल्यास शिक्षा कुणाला होईल याची!

आता छानचौकडे पुन्हा जाऊ. खितानांच्या ल्याओ राज्याकडे आजच्या पेइचिंगच्या आसपासचे सोळा जिल्हे होते. ९३६ मध्ये एका सेनापतीने खितानांच्या मदतीने गादी मिळवली आणि मोबदल्यात ते देऊन टाकले होते. ते परत घेण्याचे ताइत्सुंगचे दोन्ही प्रयत्न, ९७९ आणि ९८६ चे, सपशेल फसले. १००४ च्या हिवाळ्यात ल्याओची राजमाता श्याओ स्वतः फौजेसह दक्षिणेत उतरली आणि छानचौपाशी येऊन ठेपली. कायफंगच्या दरबारात एक मंत्री म्हणाला, नानचिंगला जावे. दुसरा म्हणाला, सछ्वानमध्ये जावे. खौ चुन या मंत्र्याने तिसरा सम्राट चनत्सुंग याला जवळजवळ ओढूनच आघाडीवर नेले. त्याआधीच ल्याओचा मुख्य सेनापती तटावरच्या मोठ्या धनुर्यंत्राच्या बाणाने ठार झाला होता. दोन्ही बाजूंना तह हवा होता.

वाटाघाटीला छाओ ली-युंग निघाला तेव्हा सम्राट म्हणाला, अगदीच नाइलाज झाला तर वर्षाला दहा लाखांपर्यंत कबूल कर. बाहेर खौ चुनने त्याला गाठून सांगितले : तीन लाखांच्या वर गेलास तर तुझे डोके उडवीन. छाओ परतला तेव्हा सम्राट जेवत होता. आकडा काय ठरला, हे विचारायला आतून एक खोजा आला. छाओ म्हणाला, हे सम्राटांनाच सांगेन. खोजा पुन्हा आला, अंदाज तरी सांगा. छाओने तीन बोटे गालाला लावली. खोजाने आत जाऊन सांगितले, तीस लाख असावेत. सम्राट ओरडला, फार झाले! मग जरा थांबून म्हणाला, प्रश्न मिटत असेल तर तसेही चालेल. छाओ समोर आला, कबूल केलेला आकडा फार मोठा आहे म्हणून माफी मागू लागला, आणि तीन लाख हे ऐकल्यावर सम्राटाला आनंद मावेना.

एक लाख ल्यांग चांदी (एक ल्यांग म्हणजे सुमारे साडेतीन तोळे) आणि दोन लाख तागे रेशीम, दरसाल. चौथाई वसूल करणाऱ्यांच्या बाजूचा इतिहास वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे देणाऱ्याचा हिशेब कसा असतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. सुंगांचा हिशेब सरळ होता. ही रक्कम लढाईच्या खर्चाच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही नाही, असे त्यांचाच एक मंत्री म्हणत असे. शिवाय सरहद्दीवर बाजार उघडले. खितानांना चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी हवी होती, आणि दिलेल्या चांदीतली बरीचशी त्या वाटेने परत येई. दोन्ही सम्राटांनी एकमेकांना भाऊ मानले. तह शंभर वर्षांहून अधिक टिकला. चीनच्या इतिहासात इतका टिकाऊ तह शोधून सापडणार नाही.

तरी दरबारी राजकारण ते राजकारण. सम्राटाला नानचिंगला पळून जाण्याचा सल्ला देणाऱ्या मंत्र्यानेच नंतर त्याचे कान भरले, की शत्रू दाराशी असताना केलेला तह ही नामुष्की आहे आणि खौ चुनने तुम्हाला जुगारातल्या शेवटच्या डावासारखे पणाला लावले. १००६ मध्ये खौ चुनचे मंत्रिपद गेले. खट्टू सम्राटाला पुढे आकाशातून दैवी पत्रे येऊ लागली!

तहामुळे फौज कमी व्हायला हवी होती. झाले उलटेच. पहिल्या सम्राटाच्या वेळी खडी फौज ३ लाख ७८ हजार होती, ती १०४० च्या दशकात १२ लाख ५९ हजारांवर गेली. पश्चिमेला शी श्या राज्याशी १०४० च्या सुमारास चाललेले युद्ध हे एक कारण. दुसरे कारण जुने होते : दुष्काळ पडला की भुकेल्यांना फौजेत भरती करायचे, म्हणजे ते दरोडेखोर होणार नाहीत. भरती झाल्यावर पळून जाऊ नये म्हणून चेहऱ्यावर गोंदायचे. तसे तर गुन्हेगारांनाही गोंदत. सैनिक समाजात कुठे उभा होता, ते एवढ्यावरून कळते.

अशाच गोंदलेल्या चेहऱ्याचा एक माणूस होता दी छिंग. शानशीतल्या गरीब घरचा. शी श्याविरुद्ध चार वर्षांत पंचवीस लढाया, आठ बाणांच्या जखमा. केस मोकळे सोडून, तोंडावर काशाचा मुखवटा चढवून तो शत्रूत घुसे. फान चुंग-यान या विद्वान अधिकाऱ्याने त्याला एक जुना इतिहासग्रंथ देऊन वाचायला लावले आणि दी छिंगही मन लावून वाचू लागला. १०५२ मध्ये दक्षिणेत नुंग चृ-काओने बंड करून आजचे नाननिंग घेतले आणि सरकारी फौजा एकामागून एक हरल्या. तेव्हा दी छिंगला पाठवले. खुनलुन खिंडीच्या अलीकडे त्याने दिव्यांच्या सणानिमित्त तीन रात्रींच्या मेजवान्या जाहीर केल्या. दुसऱ्या रात्री तो ‘बरे वाटत नाही’ म्हणून आत गेला. पाहुणे पीत बसले होते. पहाटे निरोप आला, की सेनापतींनी खिंड घेतली.

त्या विजयानंतर सम्राट रनत्सुंगने १०५३ मध्ये त्याला लष्करी खात्याचे मुख्य पद दिले. चेहऱ्यावरचे गोंदण औषधाने काढून टाक, असेही सम्राट त्याला म्हणाला होता. दी छिंगने नकार दिला : इथपर्यंत पोचता येते हे ते पाहून शिपायांना कळू दे.

शिपायांना कळले, पण ते दरबारातल्या मुलकी अधिकाऱ्यांनाही दिसत होते. राजधानीतले शिपाई त्याचे नाव अभिमानाने घेतात, एवढे कारण संशयाला पुरले. त्याच्या कुत्र्याला शिंगे फुटली, त्याच्या घरावर रात्री उजेड दिसतो, अशा कंड्या उठल्या. १०५६ मध्ये कायफंगला पूर आला, दी छिंगने कुटुंब श्यांगकुओ मंदिरात हलवले, तर त्याचीही चर्चा. ओऊयांग श्यू हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला गद्यकार. त्याने सम्राटाला लिहिले, की पाणी हे यिन तत्त्व, सैन्यही यिन आणि लष्करी मंत्रीही यिन, म्हणून हा पूर म्हणजे इशारा आहे. दी छिंगने काही गुन्हा केलेला नाही, हे त्यालाही मान्य होते. सम्राट म्हणाला, तो एकनिष्ठ आहे. त्यावर मंत्री वन यान-पो याने विचारले असे सांगतात : आपले मूळपुरुष चौ सम्राटाशी एकनिष्ठ नव्हते काय? यावर सुंग सम्राट काय बोलणार! दी छिंगची बदली छनचौला झाली आणि १०५७ च्या वसंतात तो तिथेच वारला, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच.

त्याच वसंतात ओऊयांग श्यू राजधानीत राजसेवेच्या परीक्षेचा मुख्य परीक्षक होता. या परीक्षेइतकी न्याय्य गोष्ट तेव्हाच्या जगात क्वचितच असेल. उत्तरपत्रिकेवरचे नाव कागद चिकटवून झाकत. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या पत्रिका कारकुनांकडून नकलून घेत आणि परीक्षकापुढे फक्त नक्कल ठेवत. एक निबंध ओऊयांगला इतका आवडला, की हा आपल्या शिष्याचा, त्संग कुंगचाच असणार अशी त्याची खात्री झाली. पक्षपाताचा आरोप नको म्हणून त्याने तो पहिला न ठेवता दुसरा ठेवला. नावे उघडली तेव्हा तो सछ्वानमधून आलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या सू शीचा निघाला. चीनच्या श्रेष्ठ कवींत पुढे त्याची गणना झाली. शब्दबंबाळ लिहिणाऱ्यांना ओऊयांगने सरसकट नापास केले होते. त्यांनी भर रस्त्यात त्याचा घोडा अडवून गोंधळ घातला.

पत्रिकेवरचे नाव झाकण्याची इतकी काळजी घेणारा हाच माणूस दी छिंगच्या बाबतीत कंड्यांवर विसंबला. मला त्यात ढोंग दिसत नाही. सेनापती मोठा झाला की राज्य बुडते, हे त्याच्या पिढीला इतिहासाने शिकवले होते. पाच राजवंशांचा नवा इतिहास त्यानेच लिहिला आहे.

या धोरणाचे बिल मात्र वाढत चालले होते. १०६० च्या दशकात खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या त्साय श्यांगने हिशेब मांडला, की सहा हिश्शांतले पाच हिस्से फौजच खाते. १०६५ मध्ये जमेपेक्षा खर्च जास्त झाला. १०६७ मध्ये शन्त्सुंग गादीवर आला, तेव्हा तो विशीत पोचत होता. सोळा जिल्हे परत घ्यायचे स्वप्न त्याला पडत होते. अनुभवी मंत्री फू पीने त्याला सल्ला दिला, की वीस वर्षे युद्धाचे नाव काढू नका. तरण्या सम्राटाला हे पटणे शक्यच नव्हते. खजिना भरून देतो आणि करही वाढवत नाही, असे म्हणणारा माणूस त्याला हवा होता. तो १०६९ मध्ये मिळाला. त्याचे नाव वांग आन-शी. त्याने शेतकऱ्यांना सरकारी कर्ज कोणत्या व्याजाने दिले आणि त्यावरून निम्मा दरबार त्याच्या विरोधात का गेला, ते पुढच्या आठवड्यात.