आधी कोणाकडे?

वॉर्डात चार पेशंट आहेत, ड्युटीवर तुम्ही एकट्या. आधी कोणाकडे जाल? नर्सिंगच्या परवाना-परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकीला हा प्रश्न नाना रूपांत भेटतो. लासूर स्टेशनहून संभाजीनगरला जाऊन जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करणाऱ्या मुलीही तो सोडवतात. पूर्वी झेरॉक्स काढलेल्या जाड गाईडमधून सोडवायच्या, आता मोबाइलवरच्या टेस्ट सिरीजमधून. गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाचं रूप खूप पालटलं. त्याचा मागोवा घ्यायचा तो एवढ्यासाठी, की परीक्षा सातासमुद्रापलीकडची असली तरी प्रश्न आपल्या घरचा आहे.

आपल्याकडे नोंदणीसाठी अशी वेगळी परीक्षा नाही. 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली आणि राज्याचा कायदा 1966 मध्ये झाला. अभ्यासक्रम पास झाला की मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचं, की नर्स म्हणून काम करायला मोकळीक. अमेरिकेत मात्र शिक्षण पुरं झालं तरी ‘एनक्लेक्स’ पास झाल्याशिवाय परवाना नाही. 1994 च्या एप्रिलपर्यंत ही परीक्षा कागद-पेन्सिलीवर व्हायची, नंतर ती संगणकावर गेली. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. उमेदवार पात्र आहे की नाही याची 95 टक्के खात्री पटली की परीक्षा तिथेच थांबते. 2005 पर्यंत ती अमेरिका आणि तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांतच देता येई. मग लंडन, सोल, हाँगकाँग आणि काही काळाने मुंबईसह भारतातली मोठी शहरं त्यात आली. मुंबईला केंद्र आल्यावर मराठवाड्यातल्या मुलींसाठी ही परीक्षा रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आली.

पहिला काळ नियमांच्या पाठांतराचा होता. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. पीटर सफर या डॉक्टरांनी 1957 मध्ये मांडलेली ही ‘एबीसी’ मुली पाढ्यासारखी म्हणत. जोडीला मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोंची 1943 ची गरजांची उतरंड होती: शरीराच्या गरजा आधी, सुरक्षितता नंतर, मनाच्या गरजा त्यापुढे. तिसरा नियम, अचानक उद्भवलेला त्रास जुनाट त्रासाच्या आधी. चौथा, जे अपेक्षित आहे ते थांबू शकतं, अनपेक्षित थांबू शकत नाही. पेशंटचा असा क्रम लावण्याचं मूळ युद्धभूमीवर सापडतं. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक लारे यांनी हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायला सुरुवात केली. गरज मोठी त्याचा नंबर आधी, हा विचार त्या काळात साधा नव्हता. सरकारी दवाखान्यात ओळखीपाळखी चालतात, ओरडणाऱ्याकडे आधी धावलं जातं, तिथे तो आजही साधा नाही.

नियम पाठ असले म्हणजे उत्तर येतं असं नाही. सरावात हमखास येणाऱ्या धाटणीचा एक प्रश्न घेऊ. सकाळी रात्रपाळीकडून ओव्हर घेतली. पहिल्या कॉटवर अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा दुसऱ्या दिवसाचा पेशंट, दुखणं दहापैकी सात, इंजेक्शनसाठी हाका मारतोय. दुसऱ्यावर मधुमेही बाई, साखर 240. तिसऱ्यावर सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे आजोबा, ऑक्सिजन 90 टक्के. चौथ्यावर काल संध्याकाळी थायरॉइडचं ऑपरेशन झालेली बाई, आवाज घोगरा, अंथरुणात उठून बसलेली. म्हणते, “गळा आवळल्यासारखा वाटतोय.”

एबीसी घोकलेली मुलगी 90 हा आकडा बघून आजोबांकडे धावते. पण सीओपीडीच्या पेशंटला 88 ते 92 हेच आपण धरून चालतो, आजोबा त्यांच्या नेहमीच्या जागी आहेत. हाका मारणाऱ्याला दुखतंय हे खरं, पण हाका मारतोय म्हणजे श्वास चालू आहे. जायचं ते चौथ्या कॉटकडे. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर पहिल्या 24 तासांत गळ्यात रक्त साचून श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे बदललेला आवाज, आवळल्याची भावना आणि अस्वस्थपणा. समोरची पट्टी कोरडी असेल तरी मानेखाली हात सरकवून बघायचं, कारण पेशंट आडवा असेल तर रक्त मागे ओघळतं. आणि त्याच क्षणी डॉक्टरांना हाक द्यायची. हा प्रश्न नीट समजलेली मुलगी असा पेशंट जन्मभर विसरत नाही.

पुढचा काळ या समजेचा. नियमही गोठलेले नाहीत हे 2010 मध्ये दिसलं. हृदय बंद पडलेल्या माणसासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनने एबीसीचा क्रम फिरवला आणि छाती दाबणं सगळ्यांत आधी आणलं. जुनी गाईडं रातोरात शिळी झाली. मग एप्रिल 2023 मध्ये एनक्लेक्सचंच रूप बदललं. आता किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न, पाच तास, आणि त्यात एकाच पेशंटची अख्खी केस. खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, कशाचा धोका सगळ्यांत मोठा ते ठरवा, उपाय सुचवा, कृती करा, परिणाम तपासा, अशा सहा पायऱ्या. अर्धवट बरोबर उत्तराला अर्धवट गुणही मिळू लागले. “आधी कोणाकडे?” एवढ्यावर न थांबता परीक्षा आता विचारते, “का, आणि गेल्यावर काय बघाल?”

आपल्याकडच्या नोकरीच्या परीक्षाही याच काळात बदलल्या. 2020 पासून एम्सची ‘नॉरसेट’ देशभर घेतली जाते आणि तिच्यामुळे गावोगावच्या मुली प्रसंगावर आधारलेले प्रश्न सोडवू लागल्या. राज्याच्या अधिपरिचारिका भरतीची तयारी करणाऱ्यांच्या हातातही आता तेच संच दिसतात. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आणखी एक दार किलकिलं झालं. तरी आपल्या बऱ्याच प्रश्नपत्रिका अजून आठवणीची परीक्षा घेतात: अमुक औषधाचा डोस किती, तमुक जीवनसत्त्वाच्या अभावाने कोणता रोग. हे यायलाच हवं. पण रात्रपाळीत एकट्या असलेल्या सिस्टरला एवढ्यावर निभावता येत नाही.

गंगापूर तालुक्यातल्या खरिपाच्या दिवसांत एक रात्र धरा. सर्पदंशाचे दोन पेशंट पाठोपाठ आले. एकाचा पाय घोणसाच्या दंशाने सुजलाय, तो वेदनेने विव्हळतोय, सोबत अर्धं गाव आहे. दुसरी जमिनीवर झोपलेली मुलगी, सूज नाही, दुखत नाही, नुसतं पोटात कळ येते म्हणते. आणि तिच्या पापण्या जड होऊन मिटताहेत. ही मण्यारची खूण. विष श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. दोघंही गंभीर आहेत, दोघांनाही प्रतिविष लागू शकतं, पण नजर आधी त्या शांत मुलीच्या श्वासावर हवी. अमेरिकेच्या गाईडमध्ये मण्यार नसते, कपाशीची फवारणी करताना तोंडाला फेस येऊन पडलेला मजूरही नसतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशाच विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले. हे प्रश्न आपले आपणच लिहायला हवेत, आणि मराठीत लिहायला हवेत.

प्राधान्यक्रमाची सगळ्यांत कठीण परीक्षा मात्र कुठल्याच केंद्रावर झालेली नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे प्रसूतिपूर्व कक्षात ड्युटीवर होत्या. त्यांनी कक्षाची दारं लावून घेतली आणि वीस गर्भवतींना टोकाच्या छोट्या पँट्रीत हलवलं. त्याच गोळीबारात एकीला कळा सुरू झाल्या, तिला त्यांनी भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहापर्यंत नेलं. पुढे 2022 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी हे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर सांगितलं. आधी सगळ्यांची सुरक्षितता, मग जिची वेळ आली ती. भीतीच्या त्या घटकेतही क्रम लागला तो वर्षानुवर्षांच्या ड्युटीच्या सवयीने.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे, इतर रुग्णालयांत पाचामागे एक. सरकारी वॉर्ड ज्याने आतून पाहिला आहे त्याला प्रत्यक्षातलं प्रमाण सांगायला नको. चाळीस पेशंटमागे एक सिस्टर ठेवायची आणि तिला क्रम लावायची कला शिकवायची, यात अन्याय आहे. हुशार नर्स ही रिकाम्या पदांची भरपाई नव्हे. पदं भरणं सरकारचं काम आहे आणि त्याचा आग्रह धरणं आपलं.

तोवर एवढं तर करता येईल. महाविद्यालयांनी प्रत्येक वर्षाच्या प्रश्नपत्रिकेत आपल्या भागातल्या पेशंटवर आधारलेले असे प्रश्न घालावेत, आणि उत्तराइतकेच गुण कारणालाही द्यावेत. वॉर्डात ओव्हर देताना इनचार्ज सिस्टरने विद्यार्थिनींना रोज एकदा विचारावं, “आता आधी कोणाकडे जाशील, आणि का?” लासूर स्टेशनची मुलगी उद्या टेक्सासला जाईल, श्टुटगार्टला जाईल, नाहीतर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रुजू होईल. तिने केलेला हा सराव तिन्ही ठिकाणी कामाला येईल. आणि ती इथेच राहिली, तर त्याचा पहिला लाभ आपल्याच माणसांना होईल.