सहा पैलवान म्हणजे टीम नव्हे!

"पोकेमॉन? या वयात?"

माझ्या लॅपटॉपवर कोणाची नजर गेली की हा प्रश्न ठरलेलाच. मित्रांनो, दोष तुमचा नाही. आपल्याकडे 2003 साली कार्टून नेटवर्कवर पिकाचू आला आणि पोकेमॉन म्हणजे लहान मुलांचं कार्टून, हे समीकरण पक्कं झालं. पण मूळ गेम त्याच्याही आधीचा, 1996 चा, जपानच्या गेम फ्रीक कंपनीचा. आणि त्यातल्या लढाया जेव्हा माणूस विरुद्ध माणूस अशा होतात, तेव्हा तो पोरखेळ राहत नाही. तो होतो चक्क डिझाइनचा प्रॉब्लेम! मर्यादित साधनं, परस्परविरोधी गरजा आणि समोर तुमच्या चुकीची वाट बघणारा माणूस. आपल्या सिलॅबसपेक्षा वेगळं काय आहे यात?

आधी नियम थोडक्यात. प्रत्येकाकडे सहा पोकेमॉन. प्रत्येकाला चारच वार (मूव्ह) आणि हातात एकच वस्तू. प्रत्येक पोकेमॉनचा एक किंवा दोन प्रकार असतात : आग, पाणी, गवत, बर्फ, पोलाद वगैरे एकूण 18. पाण्याचा वार आगीवर दुप्पट बसतो, गवतावर अर्धा. जमिनीचा वार उडणाऱ्याला लागतच नाही. दोन प्रकार असतील तर गुणाकार करायचा, म्हणजे चौपट नुकसानसुद्धा शक्य. एका खेळीत तुम्ही वार करा किंवा पोकेमॉन बदला. दोन्ही एकदम नाही. अधिकृत स्पर्धांमध्ये मैदानात दोन विरुद्ध दोन असतात, पण आम्ही हॉस्टेलवर एकास एक खेळतो, त्यामुळे इथे त्याचंच सांगतो.

आता माझ्या बेइज्जतीची गोष्ट. हॉस्टेलच्या स्पर्धेत मी उतरलो ते पाच ड्रॅगन घेऊन : गार्चॉम्प, ड्रॅगोनाइट, सॅलमेन्स, हायड्रायगन, हॅक्सोरस. सहावा आपला लाडका चारिझार्ड. सगळे एकाहून एक पैलवान! समोर सेकंड इयरचा एक शांत मुलगा. त्याच्या पहिल्या पोकेमॉनने मला हातही लावला नाही. त्याने फक्त माझ्या बाजूला 'स्टेल्थ रॉक' टाकले, म्हणजे टोकदार दगड. माझ्या गार्चॉम्पने त्याला दोन वारांत झोपवलं. मी हसलो. सहा विरुद्ध पाच!

मग त्याने काढला वीव्हाइल. बर्फ आणि अंधार या प्रकारांचा, मूळ वेग 125. माझ्या टीममधला सगळ्यात वेगवान गार्चॉम्प, त्याचा 102. म्हणजे दर वेळी पहिला वार त्याचाच. बर्फ ड्रॅगनवर दुप्पट बसतो. त्यातही गार्चॉम्पला जमीन आणि ड्रॅगोनाइट-सॅलमेन्सला उडणं हा दुसरा प्रकार असल्यामुळे तिघांवर चौपट! ड्रॅगोनाइटची खासियत अशी, की तब्येत पूर्ण भरलेली असेल तर पहिला वार अर्धाच लागतो. पण मैदानात पाय ठेवतानाच दगडांनी त्याची पाव तब्येत खाल्ली, खासियत गेली. चारिझार्ड आग आणि उडणारा, म्हणून दगड त्याला चौपट लागतात. तो आला तोच अर्धा होऊन. सहा पैलवान, सहा वार, खेळ खल्लास. रूममध्ये वीसेक पोरं होती. त्यांचं हसणं अजून कानात आहे.

रात्री झोप नाही आली, तेव्हा कागद घेऊन बसलो. उभ्या बाजूला माझे सहा, आडव्या बाजूला 18 प्रकार, आणि प्रत्येक चौकटीत किती पट ते आकडे. बर्फाच्या रकान्यात 4, 4, 4, 2, 2, 1. एकही अर्धा नाही! हा तक्ता लढाईच्या आधी पाच मिनिटांत झाला असता. तेव्हापासून माझा पहिला नियम : टीममधल्या तीन जणांना एकच प्रकार जड जात असेल, तर तो अडवणारे निदान दोन हवेत.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड्या जमवणे. एकाचं दुखणं दुसऱ्याने झेलायचं. उदाहरण घ्या. सायझर हा किडा आणि पोलाद. त्याला फक्त आग लागते, पण चौपट लागते. त्याच्या शेजारी ठेवा वॉश रोटोम, म्हणजे चक्क वॉशिंग मशीनमध्ये शिरलेलं भूत! वीज आणि पाणी. आग त्याला अर्धी लागते. तो अधांतरी तरंगतो, म्हणून जमिनीचे वार लागतच नाहीत. त्याला त्रास एकट्या गवताचा, आणि गवत सायझरवर फक्त पाव बसतं. बसलं की नाही कोडं? आता यात गार्चॉम्प घाला. त्याला जड बर्फ, ड्रॅगन आणि परी. हे तिन्ही सायझरचं पोलाद अर्ध्यावर आणतं. शिवाय गार्चॉम्पला वीज लागत नाही, आग अर्धीच लागते. तिघे मिळून एक वर्तुळ पूर्ण होतं. कोणीही मैदानात असू दे, बदलून आत आणायला दुसरा तयार.

आणि वीव्हाइल? सायझरकडे 'बुलेट पंच' आहे. हा वार वेग न बघता आधी बसतो. ताकद फक्त 40, पण सायझरच्या 'टेक्निशियन' या खासियतीमुळे दीडपट, म्हणजे 60. पोलाद बर्फावर दुप्पट. ज्याने माझे सहा गिळले, त्याला हा गडी आधी मारतो!

उरलेल्या तीन जागा कामं बघून भरायच्या. मी स्वतःला हे प्रश्न विचारतो : ताकदीचे प्रत्यक्ष वार कोण झेलणार? दुरून येणारे 'स्पेशल' वार कोण झेलणार? (यासाठी ब्लिसी प्रसिद्ध. मूळ तब्येत 255, पण प्रत्यक्ष वारासमोर बचाव फक्त 10. म्हणून जुने खेळाडू तिच्या शेजारी पोलादी पक्षी स्कार्मोरी ठेवत.) दगड कोण टाकणार, आणि आपल्या बाजूचे कोण उचलणार? शेवटी दोघं-तिघं उरले की खेळ संपवणारा कोण? एकाने दोन कामं केली तर उत्तम. गार्चॉम्प मारतोही आणि दगडही टाकतो. पण सहाही जणांचं काम 'मारणे' असेल, तर ती टीम नाही, गर्दी आहे.

आता इंजिनिअरांच्या आवडीचा भाग : आकडे. स्कार्लेट-व्हायोलेटपर्यंतच्या (2022) मुख्य गेम्समध्ये प्रत्येक पोकेमॉनला सरावाचे 510 गुण मिळतात. एका गुणधर्मात जास्तीत जास्त 252. लेव्हल 100 ला दर 4 गुणांमागे 1 वाढतो. शिवाय स्वभावामुळे एक गोष्ट 10 टक्के वर आणि एक 10 टक्के खाली. नवखा माणूस काय करतो? सगळ्यांना हल्ल्यात 252, वेगात 252. पण वेग म्हणजे फक्त तुलना. मूळ वेग 100 असलेल्याचा लेव्हल 100 ला कमाल वेग 328, आणि 102 वाल्या गार्चॉम्पचा 333. या पाच आकड्यांवर पहिला वार कोणाचा ते ठरतं. तिथे वेगाला पूर्ण गुण द्यावेत. ज्याला मागे टाकायचं तो रोटोमच्या आवाक्यातच नसेल, तर तेच गुण तब्येतीत आणि बचावात घालावेत. फुकट गेलेला गुण म्हणजे फुकट गेलेलं मटेरियल!

एवढं करून टीम 'तयार' होते का? नाही. समोरचेही शिकतात. मी आता वीसेक लढाया खेळतो, हरलेल्या लिहून ठेवतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. एक वार किंवा एक वस्तू. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही. प्रोग्राम डीबग करताना आपण हेच करतो की! आणि 2022 पासून तर 'टेरास्टल' आलंय. लढाईत एकदा आपल्या पोकेमॉनचा प्रकारच बदलता येतो. आमच्या हॉस्टेलच्या स्पर्धेत ते बंद होतं, पण जिथे चालू असेल तिथे वरचा तक्ता मधेच उलटू शकतो. म्हणून प्रत्येक धोक्याला एक नाही, दीड उत्तर हवं.

हे सगळं किती दूर जातं याचं उदाहरण म्हणजे 2014 ची जागतिक स्पर्धा, वॉशिंग्टन. कोरियाच्या सेजुन पार्कने ती जिंकली, तीही पाचिरिसू नावाची विजेची खार घेऊन. तिला कोणी हिंगलून विचारत नव्हतं. पण तिचं 'फॉलो मी' समोरचे वार स्वतःकडे ओढतं आणि विजेचा वार लागला की तिची तब्येत उलट भरते. शेजारी उभा ग्याराडोस, ज्याला वीज चौपट लागते! खार एकटी काहीच नाही. त्या टीममध्ये तिला पर्याय नव्हता.

शेवटी एक कबुली. त्याच सेमिस्टरला आमचा प्रोजेक्ट ग्रुप ठरला. आम्ही चार कोडिंगवाले एकत्र आलो. माझा रूम पार्टनर विचारत होता, त्याला मी "तुला कोडिंग कुठे येतं?" म्हणून टाळलं. सोल्डरिंग त्याचं स्वच्छ, रिपोर्ट वेळेवर, सरांशी बोलायला तोच पुढे. आमचं सर्किट डेमोच्या दिवशी हललं आणि चौघांपैकी एकालाही ते जोडता आलं नाही. त्याच्या ग्रुपचं चाललं. तक्ता मी पोकेमॉनचा मांडला, माणसांचा मांडायला विसरलो.

पुढच्या वर्षी मेजर प्रोजेक्ट आहे. या वेळी मीच त्याला विचारणार आहे. तो हो म्हणेल की नाही, माहीत नाही. पण तुम्ही तुमचा ग्रुप ठरवाल, तेव्हा आधी एक कागद घ्या आणि बघा, बर्फाच्या रकान्यात काय येतंय!