समरुंद मुद्राक्षर

सर्व अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांना सारखीच रुंदी दिलेला मुद्राक्षरांचा (टाइपांचा) एक प्रकार. सामान्य मुद्रणात रोमन लिपीतील ‘आय’ हे अक्षर अरुंद, तर ‘एम’ रुंद असते. समरुंद मुद्राक्षरात लहान ‘आय’ला आडव्या रेषा जोडून रुंदावतात आणि ‘एम’च्या उभ्या रेषा आवळून घेतात. त्यामुळे एकाखालील एक ओळींतील अक्षरे उभ्या रांगांत येतात. तक्ते, हिशेब व संगणकाच्या आज्ञावली यांसाठी हा गुण उपयुक्त ठरतो.

या प्रकाराचा प्रसार टंकलेखन यंत्रामुळे झाला. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणलेल्या यंत्रात प्रत्येक कळीनंतर कागद सारख्याच अंतराने सरके. पुढे संगणकाच्या संदर्भात यंत्रास वाचता येईल असे ‘ओसीआर-ए’ (१९६८) हे समरुंद वळण तयार झाले. वर्तुळ, सरळ रेषा, गोलाविलेले कोपरे व एकसारखी जाडी यांवर आधारलेली अशी भूमितीय वळणे संगणक व अंतराळयुगाशी निगडित झाल्याने भविष्यकालीन भासतात. २०१६ मधील ‘स्पेस मोनो’ हे त्याचे अलीकडील उदाहरण होय.

देवनागरीत मात्र गोलाई व समरुंदी हे दोन गुण वेगळे पडतात. ट, ठ, ढ ही अक्षरे मुळातच वर्तुळाकार आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बलू’ हे वळण गोलसर असूनही समरुंद नाही. समरुंदीची अडचण ‘पंढरपूर’ या शब्दात दिसते. त्यातील ‘र’ अरुंद असल्याने त्याच्याभोवती मोकळी जागा उरते व शिरोरेषा लांबवावी लागते. अनुस्वार व उकार यांसाठी यंत्रात कागद पुढे न सरकविणाऱ्या अचल कळा योजाव्या लागल्या. ‘विठ्ठल’ या शब्दात अडचण वाढते. खडी दंडरेषा असलेल्या अक्षराची ती रेषा काढून अर्धे रूप मिळते; ‘ठ’ला अशी रेषा नाही. परंपरेने एका ‘ठ’खाली दुसरा लिहितात, त्यासाठी स्वतंत्र कळ नसेल, तर पहिल्या अक्षराचा पाय मोडावा लागतो. अशा प्रकारे जोडाक्षराचे रूप लेखनपरंपरेपेक्षा कळांच्या संख्येवर अवलंबून राहिले.

मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखन यंत्रांच्या निर्मितीस प्रारंभ केला. २००९ मध्ये ती थांबली. युनिकोड संकेतनात (१९९१) वर्णांचा क्रम साठविला जातो व जोडाक्षराचे दृश्य रूप टंकसंचावर सोपविले जाते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटलेल्या ‘मंगल’ या संगणकीय वळणात अक्षरांच्या रुंदी स्वाभाविकपणे भिन्न आहेत. आज्ञावलींच्या पडद्यावर मात्र समान चौकटींची जाळी कायम असल्याने देवनागरीसाठी समरुंद वळण रेखाटताना एक चौकट एका वर्णाला द्यावी की संपूर्ण जोडाक्षराला, हा मूलभूत प्रश्न आधी सोडवावा लागतो.